समुद्रकाठी घर भाड्यानं घेऊन सहकुटुंब सुट्टी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी तीच चर्चा सुरू होते: यंदा हॉटेलच्या खोल्या नकोत, समुद्राजवळ अख्खं घर नाहीतर फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू. बेत चांगला आहे. पण घर बघताना नजर फोटोतल्या समुद्रावर असते आणि सुट्टीचा बरावाईट अनुभव ठरतो तो जिन्यावर, बाथरूमवर, पाण्यावर आणि स्वयंपाक कोण करणार यावर. म्हणून नातेवाईक आणि मित्रमंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

हॉटेल सोडून घर घ्यायचा खरा फायदा काय?

माणसं आठ-दहा असतील, त्यात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील, तर फायदा मोठा आहे. हॉटेलात चार दारं बंद झाली की चार कुटुंबं वेगळी होतात. घरात ओसरी असते. मुलं दमून झोपली तरी मोठ्यांच्या गप्पा चालू राहतात, आजोबा पहाटे पाचला उठून चहा मागू शकतात, बाळाची बाटली उकळायला कुणाची परवानगी लागत नाही. भाडंही माणशी हिशेब केला तर बहुतेक वेळा कमी पडतं. तुम्ही नवरा-बायको आणि एक मूल एवढेच असाल तर मात्र साधं स्वच्छ हॉटेल किंवा न्याहारीसह खोली घ्या. मोठं घर तुम्हाला रिकामं वाटेल.

अगदी समुद्रासमोरचा बहुमजली फ्लॅट कोकणात का मिळत नाही?

कारण किनाऱ्याला कायदा आहे. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना आली. पुढं २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. म्हणून देवबाग, आचरा, भोगवे, वेळागर इथं लाटांजवळ दिसतात ती जुनी कौलारू घरं, माडाच्या वाडीतल्या खोल्या आणि स्थानिकांची घरगुती निवासं. स्विमिंग पूल आणि लिफ्ट असलेले फ्लॅट हवे असतील तर ते गोव्यात मुबलक आहेत, पण तिथंही 'बीचजवळ' म्हणजे बहुधा मध्ये एक रस्ता आणि दोन गल्ल्या असतात.

आमचं मत विचाराल तर वाडीतलं घर केव्हाही सरस. सावली असते, मुलांना खेळायला अंगण असतं आणि मालक शेजारीच राहत असल्यानं रात्री पंखा बंद पडला तरी कुणीतरी धावून येतं.

'समुद्रापासून दोन मिनिटं' असं लिहिलेलं असतं. विश्वास ठेवायचा का?

मालकाला सांगा, गेटपासून वाळूपर्यंत चालत जा आणि न थांबता व्हिडिओ काढून पाठवा. एवढ्यानं सगळं कळतं. वाटेत दगडी बांध आहे का, पायऱ्या आहेत का, ओढा आडवा येतो का, रस्ता ओलांडावा लागतो का, शेवटची पन्नास पावलं मऊ वाळूतून आहेत का. तरण्या माणसाची दोन मिनिटं गुडघे दुखणाऱ्या आजीची पंधरा मिनिटं होतात, आणि मग आजी तीन दिवस घरातच बसून राहते. तिला समुद्र बघायला आणलेलं असतं. तेव्हा घरातल्या सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाच्या पायानं अंतर मोजा.

कुठला किनारा निवडावा?

पहिल्यांदाच जात असाल तर मालवण परिसर. तारकर्ली मालवणपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. पुढचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी. तिथं काही घरांच्या मागच्या दारी खाडी असते आणि पुढच्या दारी लाटा. मात्र सुट्टीत त्या एकाच अरुंद रस्त्यावर सगळ्या गाड्या अडकतात, आणि बोटी, स्कूबा, पॅरासेलिंगवाल्यांचा गजबजाट असतो. मुलं मोठी असतील तर त्यांना तेच हवं असतं. मालवण गावातल्या चिवला किनाऱ्याजवळ घर मिळालं तर बाजार, दवाखाना आणि सिंधुदुर्ग किल्ल्याला जायची जेट्टी हे सगळं हाताशी येतं. १६६४ मध्ये पायाभरणी झालेला हा किल्ला मुलांना नीट दाखवायचा तर सकाळची पहिली बोट धरा, दुपारी तटावर ऊन फार लागतं.

शांतता हवी असेल तर आचरा, तोंडवळी, नाहीतर देवगडकडं कुणकेश्वर, मिठबाव. दक्षिणेला भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोडा. इथं हॉटेलं कमी, म्हणून जेवणाची सोय घरातूनच होते का हे आधी पक्कं करा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मसुऱ्याजवळची आंगणेवाडीची जत्रा असते. त्या दिवसांत आसपास खोली मिळणं कठीण आणि रस्ते गाड्यांनी भरलेले.

देवदर्शन आणि समुद्र दोन्ही साधायचं असेल तर गणपतीपुळे. आरे-वारेचा रस्ता त्या भागातला सर्वांत सुंदर. पण पुळ्याचा समुद्र पोहायला चांगला नाही, त्याबद्दल पुढं लिहिलं आहे. अंगारकीला तर तिकडं सुट्टी म्हणून जाऊच नका.

कोल्हापुरातून कुठल्या घाटानं उतरावं?

गणपतीपुळे, रत्नागिरीसाठी मलकापूरवरून आंबा घाट. देवगड, मालवणसाठी गगनबावडा किंवा राधानगरीवरून फोंडा घाट. वेंगुर्ला, शिरोडा आणि गोव्यासाठी आजऱ्यावरून आंबोली.

गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर. तिथून खाली वैभववाडीला उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी २०२४ मध्ये बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की कुठलाही घाट अचानक बंद होतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घरमालकालाच फोन करून विचारा. त्यांच्या गावात भाजीची गाडी कोल्हापूरहूनच येत असते, त्यांना रस्त्याची खबर ताजी असते. राधानगरी-दाजीपूर हा अभयारण्यातला रस्ता आहे, तिथं अंधार पडल्यावर गवे आडवे येतात. उजेडातच घाट उतरा.

मालवणला जेवणाच्या थांब्यासह चार ते साडेचार तास धरा. मुलांना गाडी लागत असेल तर पहाटे भरपेट दूध पाजून निघू नका. कोरडा खाऊ आणि आवळा सुपारी जवळ ठेवा आणि घाट सुरू व्हायच्या आधी थांबून त्यांना थोडं चालवा. रेल्वेचा पर्याय कोल्हापूरकरांना सोयीचा नाही. कोकण रेल्वेला इथून थेट जोड नाही.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो बहुधा पुरुष विचारतात.

स्वयंपाकघर असावं, पण चहा, दूध, वरणभात आणि मुलांच्या अवेळी लागणाऱ्या भुकेपुरतं. दोन वेळचं जेवण घरमालकिणीकडून किंवा शेजारच्या खानावळीतून घ्या. जिथं पूर्ण स्वयंपाक घरीच करायचा बेत ठरतो, तिथं काय होतं ते आम्ही जवळून पाहिलं आहे. वहिनी सकाळी सहाला ओट्याशी उभ्या. ओटा आपल्या घरच्यापेक्षा खुजा, सुरी बोथट, तवा एकच आणि तोही मधोमध खोलगट, त्यावर एकेक करत तीस चपात्या. बाकीचे पाण्यात. दुपारी भांडी. संध्याकाळी सूर्य मावळताना पुन्हा कांदा चिरायला बसायचं. चार दिवसांत त्यांनी समुद्र पाहिला तो खिडकीतून. पैसे सगळ्यांनी भरले आणि सुट्टी अर्ध्याच घराची झाली.

घरगुती जेवणाचा खर्च जास्त वाटतो, पण तो भाड्यातच धरून बजेट करा. भाड्याची रक्कम थोडी कमी असलेलं घर घ्या, पण जेवण सांगा. एखाद्या रात्री घरच्या पुरुषांना मटण करायची हौस असेल तर जरूर करू द्या. अट एकच, आणणं, शिजवणं आणि भांडी घासणं तिन्ही त्यांचंच. कांदा-लसणाची चटणी घरून न्या, तिकडच्या मसाल्यात तांबडा रस्सा होणार नाही.

आणि तिकडं गेल्यावर तिकडचंच खा. घरी गेल्या गेल्या 'आमच्याकडं तिखट लागतं' असं सांगून टाकू नका. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या कालवणाला झणझणीतपणा नसतो, त्याची चव वेगळ्या जागी असते. एक दिवस कोंबडी-वडे, एक दिवस तळलेली सुरमई, जेवणानंतर सोलकढी. तिसऱ्या किंवा कालवं ही शिंपल्यातली मासळी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, ती ओहोटीला काढतात.

आमच्यात दोघं शाकाहारी आहेत, आजीचा गुरुवार असतो.

काही अडचण नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, फणसाची भाजी हे कोकणी घरात उत्तम होतं. फक्त भांडी वेगळी हवीत का ते आधी बोला, तिथं गेल्यावर ऐनवेळी नको.

फोनवर मालकाला नेमकं काय विचारायचं?

आधी संडास-बाथरूम. दहा माणसांना एक असेल तर सकाळ तिथंच जाते. कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला कडी आहे का, पायरी किती उंच आहे, हे वृद्ध माणसं असतील तर विचारायलाच हवं. वाळू धुवायला बाहेर नळ आहे का तेही विचारा, नाहीतर सगळ्या गाद्यांत वाळू.

मग पाणी. विहिरीचं आहे का, मे महिन्यात कमी पडतं का, खारट लागतं का. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, त्यामुळं पिण्याचं पाणी वेगळं मिळतं का याची खात्री करून घ्या. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे असं सगळेच सांगतात. त्यावर एसी चालत नाही, पंखे आणि दिवे चालतात, तेही किती तास हे विचारा. मे महिन्याच्या दमट रात्री लहान बाळ असेल तर हा फरक फार जाणवतो.

'दहा जणांची सोय' म्हणजे किती पलंग आणि किती गाद्या जमिनीवर? ज्यांची कंबर दुखते त्यांचा पलंग नावानिशी ठरवून घ्या. गाडी वाडीत आत येते का, की रस्त्यावर लावायची? आणि शेवटी, त्या दिवशी त्याच आवारात दुसरा गट आहे का? शेजारच्या खोलीत रात्रभर स्पीकर लावणारी मंडळी असली की घर कितीही चांगलं असो, झोप होत नाही.

मालक ही उत्तरं कंटाळून देत असेल तर दुसरं घर बघा. जो माणूस फोनवर नीट बोलतो तो तिथंही नीट वागवतो, असा आमचा अनुभव आहे.

ॲडव्हान्स पाठवायला भीती वाटते. फसवणूक कशी ओळखायची?

भीती रास्त आहे. दुसऱ्याच्या घराचे फोटो उचलून खोटी जाहिरात टाकणं, नकाशावरच्या नोंदीत आपला फोन नंबर घुसवणं, 'आजच पूर्ण पैसे भरा, नाहीतर घर जाईल' अशी घाई करणं, हे प्रकार सुट्टीच्या तोंडावर वाढतात. व्हिडिओ कॉलवर घर, अंगण आणि गेटवरची पाटी दाखवायला सांगा. फोनवरचा माणूस, बँक खात्यावरचं नाव आणि घराचा मालक जुळत नसतील तर कारण विचारा. कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत मालवणला पाहुणे असलेलं एखादं घर असतंच, त्यांना फोन करून त्या गावात चौकशी करणं सर्वांत खात्रीचं.

पूर्ण रक्कम आधी देऊ नका. काही भाग आगाऊ आणि बाकी पोहोचल्यावर घर बघून. 'परतावा पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' असं कुणी म्हटलं की थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. रद्द करावं लागलं तर किती परत मिळेल हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किनाऱ्यालगतच्या गावांत नेटवर्क दगा देतं, म्हणून थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या.

बिल, जीएसटी, ओळखपत्रं यांचं काय?

छोट्या घरगुती निवासाची उलाढाल मर्यादेखाली असेल तर तिथं जीएसटी लागणार नाही. मोठ्या रिसॉर्टमध्ये दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीला १८ टक्के कर आहे. सांगितलेला दर करासह आहे का ते आधी विचारा. ओळखपत्रं सगळ्या मोठ्या माणसांची लागतात, आधारची मास्क केलेली प्रत द्या.

परदेशी नागरिकत्व घेतलेले काका-काकू सोबत असतील तर मालकाला आधी सांगा. परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरणं मालकावर बंधनकारक असतं. काही छोट्या घरांना ते जमत नाही, आणि तुम्ही दारात उभं राहिल्यावर हे कळणं वाईट.

समुद्रात उतरणं किती सुरक्षित आहे?

पंचगंगेत लहानपणापासून पोहलेला माणूस समुद्राला घाबरत नाही, आणि हीच आपली अडचण आहे. नदीची ओढ एका दिशेला असते, दिसते. समुद्रात लाटा किनाऱ्याकडं येत असताना मधल्याच एखाद्या पट्ट्यातून पाणी जोरात आत परतत असतं. वरून तो पट्टा शांत, लाट नसलेला दिसतो, म्हणून माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडं सरळ पोहायचा प्रयत्न करू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटेबरोबर परत फिरा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून हाका मारा.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या गटातले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून जीव गेले. गणपतीपुळ्यालाही देवळासमोर पोहायला उतरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. गावचा माणूस 'इथं उतरू नका' म्हणाला की वाद घालू नका. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून बसा, आणि मुलाच्या मापाचं नसेल तर त्या बोटीत चढू नका.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त आत ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. तारखा हातात असतील तर लहान मुलांना घेऊन भांगेचे दिवस निवडा. दारू पिऊन पाण्यात, अंधारात पाण्यात आणि गाडी घेऊन वाळूवर, या तीन गोष्टी अजिबात नकोत.

पावसाळ्यात किंवा गणपतीत घर मिळेल का?

पावसाळ्यात घर स्वस्त मिळतं आणि वाडी हिरवीगार असते, पण समुद्र फक्त लांबून बघायचा. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या बोटी आणि जलक्रीडा बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळं ताज्या मासळीची आशा ठेवू नका. गणपतीत प्रयत्नच करू नका. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, मालकाचं घर त्याच्याच भावंडांनी भरलेलं असतं आणि त्या दिवसांत ते घर त्यांचंच असायला हवं.

गोव्यात फ्लॅट घेतला तर वेगळं काय?

सोसायटीचे नियम. पूलची वेळ ठरलेली, सुती कपड्यात पाण्यात उतरायला मनाई, बहुतेक पूलला जीवरक्षक नाही. रात्री दहानंतर आवाज नको. पर्यटकांना भाड्यानं द्यायचं घर तिथल्या १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडं नोंदलेलं असावं लागतं, तो नोंदणी क्रमांक मागा. किनाऱ्यावर शेगडी पेटवून रस्सा करायचा बेत असेल तर विसरा, उघड्यावर स्वयंपाक करणं आणि किनाऱ्यावर दारू पिणं तिथं २०१९ पासून दंडनीय आहे. आणि गोव्याची दारू डिकीत घालून महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आंबोली मार्गावर तपासणी होते.

किती आधी बुक करावं?

दिवाळी, नाताळ आणि मे यासाठी दोन-तीन महिने. एरवी पंधरा दिवस पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीचे मधले वार सर्वांत छान, मुलांची शाळा दोन दिवस बुडवता येत असेल तर.

परतताना मासे कोल्हापूरपर्यंत टिकतील का?

टिकतात. निघायच्या दिवशी सकाळी घ्या, साफ करून, मीठ-हळद न लावता, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा थर, मासे, पुन्हा बर्फ असं भरा आणि पेटीला चिकटपट्टी मारा. पाणी सांडणार नाही अशी जागा बघून ठेवा. सुरमईचे तुकडे आणि कोळंबी चांगली राहतात, बांगडा लवकर बिघडतो, तो तिथंच खाऊन या. सुकी मासळी घेणार असाल तर वास कोंडेल अशा दोन जाड पिशव्यांत आणि गाडी लागणाऱ्या मुलाच्या सीटपासून लांब ठेवा.